आमचं कुत्र्याचं पिल्लू तान्हा खाली तासभर काहीच करत नाही, वर आलं की पायपुसण्यावर शू. मदत हवी

तान्ह्याची_आई
नमस्कार. मी नागपुरात, त्रिमूर्तीनगरात राहते. दुसरा मजला, लिफ्ट नाही. घरात मी, नवरा, सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याच्या दिवशी मारबतीची मिरवणूक बघून इतवारीतून परतताना नालीच्या कडेला एक पिल्लू सापडलं. पावसानं भिजलेलं, डोळे चिकटलेले. मुलाच्या एका हातात लाकडी बैल होता. दुसऱ्या हातानं त्यानं पिल्लू छातीशी धरलं ते घरी येईपर्यंत सोडलं नाही. म्हणून नाव तान्हा. गावठी आहे, तांबूस, एक कान उभा आणि एक अजून पडलेला.

डॉक्टरांनी तेव्हा पाच-सहा आठवड्यांचा असेल म्हटलं होतं, म्हणजे आता साडेतीन महिन्यांच्या आसपास. दोन लसी झाल्या, तिसरी पुढच्या आठवड्यात. सासूबाईंना कुत्रा घरात नको होता, म्हणून पहिले तीन आठवडे तो खाली पाण्याच्या मोटारीच्या खोलीत होता, गोणपाटं अंथरून. मग एका रात्री खूप पाऊस झाला, खोलीत पाणी शिरलं, आणि तो वर आला तो आलाच.

आता अडचण. सकाळी सहाला त्याला खाली नेते. पाऊण तास, कधी तासभर. कंपाउंडच्या कडेला मातीचा पट्टा आहे, तिथे पानं हुंगतो, मुंग्या बघतो, फाटकाबाहेर गाडी गेली की कान टवकारतो. शू मात्र नाही. वर आलो की दारातल्या पायपुसण्यावर लगेच. दुसरी ठरलेली जागा देवघरासमोर. तिथे रोज. सासूबाई फार सोवळं पाळणाऱ्या नाहीत, पण देवासमोर झालं की त्यांच्या जिवाला लागतं. त्या म्हणतात, मुद्दाम करून राहिला आहे, हट्टी आहे. रविवारी त्यांनी सांगून टाकलं, दिवाळी झाली, आता याला ओळखीच्यांच्या शेतावर सोडून या. त्या रात्री मुलगा जेवला नाही.

मी ओरडून पाहिलं. दोनदा पाठीत चापट मारली, त्याचं अजून वाईट वाटतं. घरभर पेपर अंथरून पाहिले. दिवसातून चार वेळा फिनाईलनं फरशी पुसते. काहीच उपयोग नाही. त्याला सोडून यायचं माझ्यानं होणार नाही. कृपया सांगा.

खसची_ताटी
ताई, आधी पिल्लाला घरात घेतलंत याबद्दल मनापासून नमस्कार. माझ्या दोन्ही गावठी अशाच आल्या. एक वही घ्या आणि दोन दिवस नुसतं लिहा. किती वाजता, कुठे, त्याच्या आधी काय घडलं. काही सुधारायला जाऊ नका. आपल्याला वाटतं तो दिवसभर कुठेही करतो, पण लिहिल्यावर तीन-चारच जागा निघतात.

जुना_महालकर
आमच्या महाल भागातल्या वाड्यात कायम कुत्रा असायचा. घरात केलं की वडील त्याचं नाक त्यात घासायचे आणि अंगणात नेऊन सोडायचे. आठवड्यात पिल्लू शहाणं व्हायचं. लाडानं कुत्रं बिघडतं असं माझं स्पष्ट मत आहे.

गुरांचा_डॉक्टर
महालकर काका, राग मानू नका, पण यावर मला बोलावंच लागेल. मी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, पंधरा वर्षं प्रॅक्टिस करतो आहे, आणि नाक घासलेली पिल्लं माझ्याकडे पुढे फार अवघड होऊन येतात.

कुत्रा शिक्षेचा संबंध त्या क्षणी जे चालू आहे त्याच्याशी लावतो. मिनिटभरानं नाक घासलं तर त्याला "इथे करू नये" हे कळत नाही. त्याला कळतं की माणूस आणि शू एकत्र आले की मार बसतो. मग तो माणसासमोर करणं सोडतो. सोफ्यामागे करतो, पलंगाखाली करतो, आणि दोरीला बांधून खाली नेलं तर दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो म्हणून तिथेही करत नाही. ताई, तुमचा तान्हा तासभर धरून ठेवतो त्याचं एक कारण हे असू शकतं. दोन चापटा आणि ओरडणं एवढं पुरतं. कान पाडून, नजर चुकवून उभा राहतो त्याला आपण अपराधीपणा म्हणतो. तो आपल्या आवाजाला घाबरलेला असतो.

यात एक चांगली गोष्ट आहे. तासभर धरता येतं म्हणजे मूत्राशय बहुधा ठीक आहे. दिवसा साधारण जितके महिने वय, त्यात एक मिळवून तितके तास, ही धरून ठेवण्याची वरची मर्यादा समजा. तेवढा वेळ धरायला लावायचं असं नाही. या वयात आठ-नऊ वेळा शू नेहमीची आहे. पण दर पंधरा-वीस मिनिटांनी थेंब-थेंब, कुंथणं, रंग लालसर, सारखं चाटत बसणं, यातलं काही दिसलं तर आधी लघवी तपासून घ्या. संसर्ग असेल तर कुठलीही शिकवण चालत नाही.

वही मात्र लिहाच.

तान्ह्याची_आई
दोन दिवस लिहिलं. एकूण १७ वेळा शू. त्यातल्या ७ पायपुसण्यांवर. दारातलं काथ्याचं, बाथरूमसमोरचं, स्वयंपाकघरातलं, तिन्ही. ५ देवघरासमोर. २ नवरा कामावरून आला तेव्हा अगदी त्याच्या पायाशी. २ जिना उतरताना. १ मुलाच्या दप्तरावर, ते जमिनीवर होतं. खाली मातीत एकदाही नाही. थेंब-थेंब वगैरे काही नाही, रंगही साधा आहे.

लिहिताना मलाच आश्चर्य वाटलं. दिवाणखान्याची एवढी मोठी मोकळी फरशी आहे, तिथे एकदाही केलेलं नाही.

वर्धा_रोडवाली
ताई, एक विचारू? देवघरासमोर पुसून झाल्यावर शेवटी तिथे काही शिंपडता का?

तान्ह्याची_आई
हो, सासूबाई गोमूत्र शिंपडतात. प्रत्येक वेळी. का हो?

वर्धा_रोडवाली
आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. आई शुद्धीसाठी गोमूत्र शिंपडायची आणि आमचा मोती तासाभरात तिथेच परत. कुणाच्या लक्षात यायला दोन महिने गेले. आईच्या श्रद्धेबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, पण कुत्र्याच्या नाकाला तो वास शूचाच येतो.

गुरांचा_डॉक्टर
वर्धा रोडवाल्या ताईंनी नेमकं पकडलं. माझंही मत तेच. आता वहीतलं बाकीचं सांगतो, कारण यात तान्ह्याचा हट्ट मला कुठेच दिसत नाही.

पिल्लू तीन आठवड्यांचं होईपर्यंत आई चाटून त्याची शी-शू करवते. त्यानंतर ते स्वतः करू लागतं, आणि तिथून आठ-नऊ आठवड्यांपर्यंत पायाखाली जे लागतं तेच "करायची जागा" म्हणून मनात बसतं. तान्हा पाच ते आठ आठवड्यांचा असताना कुठे होता? मोटारीच्या खोलीत, गोणपाटावर. त्याच्या पायाला जाडंभरडं कापड लागलं की शरीर आपोआप मोकळं होतं. काथ्याचं पायपुसणं त्याला गोणपाटच वाटतं. दप्तरही. गुळगुळीत फरशीवर तो करत नाही, मातीवर करत नाही. तुम्हाला वाटतं तो शिकलेलाच नाही. तो फार नेमकं शिकलेला आहे, आणि ते त्याला आपणच शिकवलं.

म्हणून असं करा. घरातली सगळी पायपुसणी आजच उचला, महिनाभर पाय पुसायला काही नसलं तरी चालेल. दप्तर, सतरंजी, चटई, सगळं वर. मग एक जुनं गोणपाट घ्या, त्याची थोडी शू त्यावर टिपा आणि ते खाली मातीच्या पट्ट्यात एका कोपऱ्यात अंथरा. नेहमी तोच कोपरा. त्याला सरळ तिथे न्या, दोरी हात-दीड हात लांब ठेवा आणि तुम्ही झाडासारख्या उभ्या राहा. बोलू नका, त्याच्याकडे बघू नका. दहा मिनिटांत झालं नाही तर वर आणा, पण घरात मोकळा सोडू नका. दोरी तुमच्या कमरेला बांधा किंवा त्याला मांडीवर घ्या, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा खाली. ज्या फेरीला गोणपाटावर होईल, त्या क्षणी, तिथेच, उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा. वर येऊन दिलेला खाऊ जिना चढल्याचा होतो.

आणखी एक. झाल्याबरोबर वर आणू नका, पाच-दहा मिनिटं खेळू द्या. नाहीतर शू केली की फिरणं संपतं एवढंच तो शिकतो, आणि मग मुद्दाम लांबवतो. गोणपाट दर तीन-चार दिवसांनी थोडं कापून लहान करायचं, म्हणजे त्याचे पाय हळूहळू मातीवर येतील.

नवऱ्याच्या पायाशी होतं ते वेगळं आहे, आनंदाच्या भरात सुटतं. त्यावर रागावलं तर वाढतं. त्यांनी आत आल्यावर पाच मिनिटं त्याच्याकडे बघूच नये, मग खाली बसून शांतपणे हात लावावा. वयानं हे बहुतेकांचं जातं.

खायला काय देता?

तान्ह्याची_आई
दूध-पोळी, दिवसभर वाटीत असते. रात्री कधी आमच्यातलंच. सावजी नाही देत, पण वरणभात, भाजीचा रस्सा.

गुरांचा_डॉक्टर
दूध बंद करा, पुष्कळ पिल्लांना पचत नाही, शी पातळ होते आणि पातळ शी धरून ठेवता येत नाही. रस्सा तर नकोच. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. बिनफोडणीचं वरण-भात, उकडलेलं अंडं, बिनमिठाची उकडलेली कोंबडी किंवा पिल्लांचं तयार खाणं, दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी, पंधरा मिनिटांत वाटी उचलायची. पोटात अन्न गेलं की आतडी हलतात, म्हणून खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत खाली न्यायचं. वेळ बांधली की शी बांधली जाते. पाणी मात्र तोडू नका. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि रात्री झोपण्याआधी, या चार वेळा चुकवू नका. सुरुवातीला रात्री दोन-अडीचलाही एकदा.

बेसा_रोड
ताई, टेन्शन नका घेऊ. माझ्याकडे पण गावठीच आहे, चार वर्षांची. लहान होती तेव्हा मी पण म्हणून राहिलो होतो, ही पोट्टी काऊन ऐकत नाही. शेवटी फिनाईलचा घोळ निघाला. फिनाईलनं आपल्याला वास येणं बंद होतं, तिला येतच राहतो. शूमधलं यूरिक आम्ल साध्या पुसण्यानं जात नाही. आणि पिल्लू त्याच फरशीवरून चालून पाय चाटतं, ते फिनाईल पोटात जातं, ते वेगळं. प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळते, ते आणा. आधी कापडानं टिपून घ्या, मग ते ओतून दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या, मग पुसा. लगेच पुसलं तर काही कामाचं नाही.

घरी कोटा फरशी आहे का? असेल तर व्हिनेगर, लिंबू असलं काही टाकू नका. कोटा म्हणजे चुनखडीच, आम्लानं पांढरे डाग पडतात. माझ्या बाल्कनीत पडले आहेत, अजून गेले नाहीत.

आणि जिन्यात करतो म्हणता न, मग उचलून न्या. हातात असेपर्यंत बहुतेक पिल्लं करत नाहीत. थेट मातीवर ठेवायचं.

तान्ह्याची_आई
कोटाच आहे. सगळ्यांचे मनापासून आभार. आज तिन्ही पायपुसणी धुवून माळ्यावर टाकली. सासूबाईंशी गोमूत्राचं कसं बोलायचं ते मात्र कळत नाही.

खसची_ताटी
त्यांना हा धागाच वाचून दाखवा. "तो देवाचा अपमान करत नाही, त्याला तिथे वास येतो" एवढं त्यांना पटलं तरी पुष्कळ. माणसाला राग त्या शूचा नसतो, मुद्दाम केल्याचा असतो.

तान्ह्याची_आई (नऊ दिवसांनी)
चौथ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गोणपाटावर शू झाली. मी हातातला तुकडा देताना थरथरत होते. मुलगा वरून बाल्कनीतून बघत होता, त्यानं एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की तान्हा घाबरून माझ्या पायात आला. मुलाला समजावलं, आता तो तोंडावर हात ठेवून बघतो.

त्यानंतर रोज खाली तीन-चारदा होऊ लागलं. घरात दोन-तीन वेळा. आणि मग तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी गल्लीत फटाके लागले. तो खाली होता. दोरी तोडून जिन्यात पळाला. तेव्हापासून दोन दिवस खाली नुसता थरथरत उभा राहतो आणि वर आल्यावर देवघरासमोर जातो. सगळं पाण्यात गेलं असं वाटतंय.

गुरांचा_डॉक्टर
काही पाण्यात गेलेलं नाही. घाबरलेल्या कुत्र्याचे स्नायू आवळलेले असतात, शू सुटतच नाही. वर सुरक्षित वाटलं की सुटते. दोन-तीन दिवस संध्याकाळची फेरी फटाके लागायच्या आधी, साडेपाचच्या सुमारास उरका. बाल्कनी आहे ना? एक घमेलं घ्या, त्यात खालच्याच कोपऱ्यातली माती भरा, वर गोणपाटाचा तुकडा. तेवढ्यापुरतं तिथे चालेल. देवघरासमोर पाट आडवा लावून जागा बंद करा.

माती आपल्या कंपाउंडचीच घ्या, मैदानातली नको. तिसरी लस होऊन पंधरा दिवस जाईपर्यंत भटकी कुत्री येतात तिथली माती पिल्लाला धोक्याची. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. रेबीजची लस दिलीत का? तीन महिने पूर्ण झाले, देऊन टाका.

तान्ह्याची_आई
रेबीजची राहिली होती. उद्याच नेते.

जुना_महालकर
धागा पहिल्यापासून पुन्हा वाचला. मी जे लिहिलं त्यावर दोन दिवस विचार करत होतो. आमच्या वाड्यात एक काळा होता, त्याला सगळ्यांत जास्त मार पडला. तो अंगणात करायचा हे खरं. पण वडिलांच्या खोलीत धान्याच्या कणगीमागे वर्षभर वास येत होता आणि आम्ही उंदीर समजत होतो. तो वडिलांनी हाक मारली की येत नसे, मागच्या दारानं निघून जात असे. डॉक्टर म्हणतात तसंच ते असणार. तेव्हा आम्हाला कुणी सांगणारं नव्हतं. ताई, माझा सल्ला विसरा. पिल्लाला शेतावर सोडू नका.

तान्ह्याची_आई
काका, तुम्ही हे लिहिलंत ते मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, त्या काळ्याचं पुढे काय झालं?

जुना_महालकर
चौदा वर्षं जगला. शेवटपर्यंत माझ्या आजीच्या खाटेखाली झोपायचा. आजीनं त्याला कधी हात लावला नव्हता, ना मारायला ना कुरवाळायला. सांगा त्यांना.

तान्ह्याची_आई (पाच आठवड्यांनी)
बरेच दिवसांनी लिहिते आहे. वहीतलाच हिशोब देते. मागच्या सात दिवसांत घरात एकदाच शू झाली, तीही पाहुणे आले तेव्हा, दारात, आनंदानं. खाली दिवसाला सहा-सात वेळा. रात्रीची फेरी बंद केली, अकरा ते साडेपाच झोपतो. नवरा आत आल्यावर आता सरळ हातपाय धुवायला जातो, मग खाली बसतो. पायाशी होणं थांबलं.

सासूबाईंनी गोमूत्र थांबवलं. त्यांनीच काशीहून आणलेला गंगाजलाचा गडू काढला आणि म्हणाल्या, याला वास नाही, हे चालेल का विचार तुझ्या डॉक्टरांना. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरता येत नाही. पण पहाटे त्या माझ्या आधी उठतात, आणि तान्हा जिथे पायपुसणं असायचं तिथे जाऊन बसला की आतून हाक येते, "अगं, तो दारात बसून राहिला आहे, ने लवकर."

थंडी मात्र फार आहे. सकाळी माती ओली आणि गार असते, तो पाय उचलून धरतो आणि परत फिरतो.

खसची_ताटी
माझी धाकटी पण तशीच. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता, तेव्हा मोठी तर दाराबाहेर पाऊल टाकेना. मी एक कोरडं पोतं रात्री कोपऱ्यावर टाकून ठेवायची, पहाटे उचलायची, खालची माती कोरडी राहायची. फेरी लहान ठेवा, झालं की लगेच उबेत. खेळ ऊन पडल्यावर. उन्हाळ्यात उलट करावं लागेल, एप्रिलपासून सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर बऱ्याच वेळानं. हाताची उलटी बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवून बघायची. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसत नाही.

बेसा_रोड
बाप्पा, आजींचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. गंगाजल चालते ताई, सांगा त्यांना.

तान्ह्याची_आई
सांगितलं. शेवटचं विचारते. तिसरी लस होऊन महिना झाला, उद्यापासून त्याला गल्लीपलीकडच्या मैदानात नेणार आहे. गोणपाट आता तळहाताएवढंच उरलंय. ते सोबत नेऊ का, की नको?

गुरांचा_डॉक्टर
न्या. नवी जागा आहे, ओळखीचं काहीतरी पायाखाली असू द्या. तिथे दोन-तीनदा झालं की परत येताना आणायचं राहून गेलं तरी चालेल.